थारचे २७ बीएचपी गेले कुठे? इंजिन ते मागचं चाक, पूर्ण हिशोब

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. पुण्यातली जुनी थार सीआरडीई (कॉमन रेल डिझेल इंजिनवाली), २ इंच लिफ्ट म्हणजे गाडी तेवढी उचललेली, मागे लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी कडी), २६५/७० आर१६ चे मड टेरेन टायर. डायनोवर (चाकं रोलरवर फिरवून पॉवर मोजायचं मशीन) चाकाला ७८ बीएचपी आले, कंपनीचा आकडा १०५. तर मधले २७ कुठे गेले, आणि ते परत आणायला अ‍ॅल्युमिनियमचा प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलला ताकद नेणारी नळी), हलकं फ्लायव्हील (इंजिनच्या टोकाचं जड चाक) आणि पातळ सिंथेटिक गिअर ऑइल यातलं आधी काय करू, असं विचारलंय.

यातलं काहीच करू नका, निदान आत्ता तरी. पैसे घालायच्या आधी ते २७ खरंच ट्रान्समिशनमध्ये जातायत का हे बघा, कारण माझ्या मते त्यातले निम्मे तरी तिथे जातच नाहीयेत.

साधा हिशोब करा. २७ बीएचपी म्हणजे साधारण २० किलोवॅट. जी पॉवर चाकापर्यंत पोचत नाही ती हवेत विरत नाही राव, तिची उष्णता होते. बाथरूममधला गिझर २ किलोवॅटचा असतो, म्हणजे तुमच्या गिअरबॉक्स आणि मागच्या हाउसिंगमध्ये मिळून दहा गिझर चालू आहेत असं झालं, आणि तिथे ना रेडिएटर ना पंखा, दोन-चार लिटर तेल आणि ओतीव लोखंड. खंबाटकी घाट लोड टाकून फुल थ्रॉटलवर चढलात तर वर पोचेपर्यंत सील जळून तेल खाली गळायला पाहिजे. तसं होत नाही ना? मग एवढा लॉस तिथे होत नाहीये. हाउसिंग गरम होतं, हात लावून जास्त वेळ ठेवता येत नाही, पण ते दोन-तीन किलोवॅटचं गरम आहे, वीसचं नाही.

आता खरोखर कुठे किती जातं ते बघू. हेलिकल गिअरची एक जोडी चांगल्या तेलात फिरत असेल तर लोडचा साधारण १ टक्का किंवा त्याहून कमी खाते. पाच गिअरच्या बहुतेक रिअर व्हील ड्राइव्ह गाड्यांत चौथा डायरेक्ट असतो, म्हणजे इनपुट शाफ्ट आणि मेन शाफ्ट सरळ एकमेकांत लॉक होतात आणि लोड ले-शाफ्टमधून जातच नाही, म्हणून डायनो रन चौथ्यात घ्यायचा असतो. तिसऱ्यात किंवा पाचव्यात लोड दोन जोड्यांमधून जातो. तुमचा रन कुठल्या गिअरमध्ये घेतला ते विचारून घ्या, शीटवर बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं.

प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (दोन्ही टोकांचे, कोनात फिरू शकणारे जॉइंट) सरळ आणि ग्रीस भरलेले असतील तर जेमतेम अर्धा-एक टक्का. सगळ्यात मोठा खाणारा मागचा क्राऊन पिनियन, म्हणजे शाफ्टची ताकद काटकोनात वळवून चाकांकडे नेणारी गिअरची जोडी. तो हायपॉइड असतो, म्हणजे पिनियनचा अक्ष क्राऊनच्या मध्यातून न जाता थोडा खालून जातो, त्याने दात मोठा आणि मजबूत होतो, आवाज कमी येतो, पण दात दातावर नुसता लोळत नाही तर घासत सरकतो. त्या सरकण्यापायी लोडवर साधारण ३ ते ५ टक्के जातात. डिझाइनच तसं आहे, तुम्ही आम्ही काही करू शकत नाही, आणि त्याच घासण्यामुळे तिथे जीएल-५ तेल लागतं ज्यात दाब सहन करणारे सल्फर-फॉस्फरसचे अ‍ॅडिटिव्ह असतात. (तेच तेल गिअरबॉक्समध्ये मॅन्युअल न बघता ओतू नका, पितळी सिंक्रो असलेल्या बॉक्सला ते मानवेलच असं नाही, जिथे जीएल-४ सांगितलंय तिथे जीएल-४च.)

याच्यावर बेअरिंगचा प्रीलोड (बसवतानाच दिलेला दाब), ऑइल सील, तेल घुसळण्यात जाणारी ताकद. ही सगळी लोडवर नाही तर स्पीडवर अवलंबून असते. आणि इथेच लोकांचा तो '१५ टक्के लॉस' वाला नियम झोपतो. लॉसचा एक भाग लोडच्या प्रमाणात वाढतो, दुसरा भाग इंजिन किती पॉवर देतंय याच्याशी देणंघेणं न ठेवता नुसता फिरण्याने खातो. समजा फुल आरपीएमला फिरण्याचा खर्च ८ बीएचपी आणि लोडचा ६ टक्के धरला. १०५ बीएचपीला एकूण लॉस १४ च्या आसपास, म्हणजे साडेतेरा टक्के. रीमॅप करून (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून) इंजिन १३० ला नेलं तर लॉस १६ च्या आत, म्हणजे टक्केवारी उलट कमी झाली. आता हीच गाडी ८० च्या स्पीडला निवांत चालवताना इंजिन समजा २५ बीएचपीच देतंय, तिथे फिरण्याचा खर्च ४ धरला आणि लोडचा दीड, तर साडेपाच गेले, म्हणजे २२ टक्के! आकडे मी हिशोबाला सोपे म्हणून धरलेत, तुमच्या गाडीचे थोडे इकडेतिकडे असतील, पण गणिताची चाल हीच. त्यामुळे ट्रान्समिशनमधला फुकटचा ओढा कमी केला की त्याचा फायदा डायनोच्या पीक आकड्यात फार दिसत नाही, रोजच्या चालवण्यात आणि डिझेलच्या बिलात दिसतो.

मग बाकीचे बीएचपी? पहिला संशयित टायर. रोलर डायनोवर टायर सपाट रस्त्यावर नसतो, लहान रोलरवर बसतो, दोन रोलर असतील तर एकाच फेरीत दोनदा दाबला जातो, वर गाडी पट्ट्याने खाली आवळलेली असते. मड टेरेनचे मोठाले ब्लॉक तिथे चुरमडतात आणि रन संपल्यावर टायरला हात लावलात तर कळेल ताकद कुठे गेली ते. पट्टा किती आवळला आणि हवा किती होती यावर त्याच गाडीचा आकडा बदलतो. हब डायनो, जिथे चाक काढून थेट हबला मशीन लावतात, तिथे हा प्रकार नसतो, पण तो सगळीकडे नाही.

दुसरा, १०५ हा आकडा कसा आला ते. तो इंजिन टेस्ट बेडवर, फ्लायव्हीलला मोजलेला, ठरलेल्या हवामानाला करेक्ट केलेला असतो. आपलं पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, हवेचा दाब ९५० मिलिबारच्या आसपास, त्यात एप्रिल-मे मध्ये वर्कशॉपमध्ये ३८-४० डिग्री. जिप्सीसारख्या बिनटर्बोच्या पेट्रोल गाडीला नुसत्या उंचीनेच ५-६ टक्के हवा कमी मिळते. टर्बो डिझेल ते बरंचसं भरून काढतं, म्हणून तिला बिनटर्बोचं करेक्शन लावलं तर आकडा फुगतो आणि काहीच लावलं नाही तर थोडा कमी दिसतो. शीटवर कुठलं करेक्शन लावलंय ते बघा. आणि डायनोसमोर मोठा पंखा नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या रनला इंटरकूलर तापून आकडा आपोआप खाली येतो, त्यात ट्रान्समिशनचा काय दोष.

तिसरा, इंजिन स्वतःच १०५ देत नसेल. इतक्या जुन्या गाडीत इंटरकूलरचा होज क्लॅम्पपाशी चिरलेला, एअर फिल्टर ताम्हिणीच्या धुळीने भरलेला, ईजीआर (एक्झॉस्टचा थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काजळीने जाम, हे सगळं नेहमीचं आहे. बूस्ट प्रेशर लॉग करा, पंधरा मिनिटांचं काम आहे.

आणि हे सगळं बाजूला ठेवून घरच्या घरी एक कोस्टिंगची टेस्ट (गाडी न्यूट्रलमध्ये सोडून देऊन) करता येते जी डायनोपेक्षा तुमच्या प्रश्नाला जास्त उपयोगी आहे. रविवारी पहाटे वारा पडलेला असताना सोलापूर रोडला पाटसच्या पुढे जा, आतला सपाट, मोकळा रस्ता बघा, मागे-पुढे कोणी नाही याची खात्री करा. गाडी आधी वीसेक किलोमीटर चाललेली पाहिजे म्हणजे तेल गरम झालेलं असतं. ७० पर्यंत न्या, न्यूट्रल करा, इंजिन चालूच ठेवा (बंद केलंत तर ब्रेकचा बूस्टर आणि स्टिअरिंग जातं, तो उद्योग नको), आणि ६० ते ४० व्हायला किती सेकंद लागले ते शेजारच्याला मोबाईलवर टिपायला सांगा. स्पीड जीपीएसचा घ्या, मीटरचा नको. मग उलट दिशेने तेच, आणि दोन्हीची सरासरी. गाडी माणसांसकट १९०० किलो आहे आणि २५ सेकंद लागले तर एकूण ओढ निघते साधारण ४२० न्यूटन. २० सेकंद लागले तर ५३० च्या जवळ. वारा तोच, रस्ता तोच, मग हा वरचा ११० न्यूटनचा फरक म्हणजे काहीतरी घासतंय, आणि ८० च्या स्पीडला तो एकटा ३ बीएचपीच्या वर खातो. एक काम केलं की परत मोजा, दुसरं केलं की परत मोजा.

आता काय घासतं. माझ्याकडे 'गाडी ओढत नाही' म्हणून येणाऱ्या फोर बाय फोर मध्ये सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो ब्रेक. पावसाळ्यात चिखलात, ओढ्यात गाडी घालायची आणि नंतर फक्त वरून धुवायची, मग मागच्या ड्रममध्ये तो गाळ वाळून बसतो, हँडब्रेकची केबल आतून गंजते, लिव्हर खाली टाकला तरी शू पूर्ण मागे येत नाही. पुढे कॅलिपरच्या पिना कोरड्या पडतात. बघायची पद्धत सोपी आहे: हायवेला १५ किलोमीटर शक्यतो ब्रेक न मारता चालवा, गाडी हळूहळू थांबू द्या आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही ड्रम-डिस्कचं टेंपरेचर घ्या. डाव्या-उजव्यात १५-२० डिग्रीचा फरक दिसला की ते चाक उघडायचं. मग मागचा एक्सल जॅकस्टँडवर घ्या, पुढच्या चाकांना ओट (ठोकळा किंवा दगड) लावा, न्यूट्रल करा, चाक हाताने फिरवा. दर फेरीला एकाच जागी खस्स खस्स आवाज येत असेल तर ड्रम लंबगोल झालाय, लेथवर टर्निंग करून घ्या किंवा माप संपलं असेल तर बदला. सगळ्या फेरीत सारखंच जड जात असेल तर शू किंवा बेअरिंग. ड्रम काढून आत बघाल तर शूच्या टोकाला चकचकीत पट्टा दिसेल, तेवढाच भाग सतत टेकत होता.

दुसऱ्या नंबरला तुमचा प्रोपेलर शाफ्ट, आणि तुमच्या केसमध्ये मला याचाच जास्त संशय आहे कारण तुम्ही मागे लांब शॅकल टाकलेत. थारचा मागचा शाफ्ट लहान असतो. समजा ९०० मिमी धरला आणि गाडी ५० मिमी उचलली तर शाफ्टचा कोन ३ डिग्रीच्या वर वाढला. तो वाढला तरी एक वेळ चालतं, पण लांब शॅकलमुळे पाट्याची मागची बाजू खाली जाते, त्याबरोबर एक्सल फिरतो आणि पिनियनचं नाक वर उचललं जातं. आता ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्सच्या मागचा, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) बाजूचा क्रॉस एका कोनात आणि पिनियनच्या बाजूचा वेगळ्याच कोनात. क्रॉस जॉइंट कोनात फिरताना एका फेरीत दोनदा वेगाने आणि दोनदा हळू जातो, दोन्ही बाजूंचे कोन सारखे असतील तर एकाचं चढणं-उतरणं दुसरा खोडून काढतो, नसतील तर ते सगळं पिनियन बेअरिंगवर आणि ट्रान्सफर केसच्या सीलवर. पॉवर थोडीच जाते, पण बेअरिंग जातं आणि गेलेलं बेअरिंग मग पॉवर खातं.

मोजायला चुंबकवाला डिजिटल अँगल गेज घ्या, नसेल तर मोबाईलचं लेव्हलचं अ‍ॅपही चालतं. गाडी चाकावर उभी पाहिजे, जॅकवर नाही. ट्रान्सफर केसच्या फ्लँजचा कोन, शाफ्टच्या नळीचा कोन, पिनियनच्या फ्लँजचा कोन. दोन्ही जॉइंटच्या कोनात एक डिग्रीपेक्षा जास्त फरक नको. आणि कोन अगदी शून्यही नको बरं का, क्रॉसच्या सुया थोड्या फिरल्या नाहीत तर त्याच जागी खळगे पाडतात. फरक आला तर पाटा आणि एक्सलच्या मध्ये टेपर शिम (पाचरीसारखी पट्टी) घालून पिनियन बरोबर कोनात आणायचा. अजून एक, शाफ्ट कधी उतरवलाय का ते आठवा, कारण स्लिप जॉइंटची स्प्लाइन एक दात जरी पुढे-मागे बसली तरी दोन्ही योक एका रेषेत राहत नाहीत आणि गाडी ठरावीक स्पीडला थरथरते. मालक टायर बॅलन्सिंग करून करून दमतो आणि दोष असतो तिथे. उतरवायच्या आधी दोन्ही भागांवर पंचने खूण मारायची, मेकॅनिकच्या डोक्यावर उभं राहून मारून घ्यायची. शाफ्ट वाकलेला वाटला तर भोसरी-निगडीकडे ट्रकचे शाफ्ट बॅलन्स करणाऱ्यांकडे न्या.

मागच्या हाउसिंगचं तेल. फिलर प्लगच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत, गाडी सपाट उभी असताना, बास. 'थोडं जास्त असलेलं बरं' म्हणून एक्सल तिरका करून वरून अर्धा लिटर कोंबणारे लोक आहेत आणि ते जास्तीचं तेल क्राऊन दिवसभर घुसळत बसतो, फेस होतो, आणि ब्रीदर (हाउसिंगचं हवा जायचं तोंड) चिखलाने बुजलेला असेल तर आतला दाब एक्सल सीलमधून तेल बाहेर ढकलतो, ते ड्रमच्या लायनरवर. ब्रीदरची नळी उंच न्या, स्वस्तातलं आणि फार कामाचं काम आहे.

ग्रेडबद्दल: साधं ८०डब्ल्यू-९० आणि सिंथेटिक ७५डब्ल्यू-९०, दोन्ही गरम झाल्यावर ९० च्याच वर्गात बसतात. फरक थंडीत, पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरला. कोथरूड ते हिंजवडी एवढंच रोज चालवत असाल तर तेल पूर्ण तापतच नाही, तेव्हा सिंथेटिकचा थोडा फायदा खरंच आहे, आणि ते जास्त दिवस टिकतंही. पण त्याच्याही खाली, ८० किंवा ७५ वर, मागच्या हाउसिंगमध्ये जाऊ नका. हायपॉइडच्या दातांमध्ये तेलाचा थर टिकायला जाडी लागते, वरंधा घाटात लोडवर तो थर फुटला तर अर्धा बीएचपी वाचवून क्राऊन पिनियनचा सेट घ्यायला नाना पेठेत जाल. गाडी २०१५ नंतरची असेल तर मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफरेन्शियल आहे, त्यात क्लच प्लेट असतात, तेव्हा मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच तेल घाला.

पिनियन सील बदललंय का कधी? हे विचारतो कारण बरेच जण सील बदलताना पिनियनचा नट एअर गनने दणादण आवळतात. त्या नटाच्या आवळण्यावर बेअरिंगचा प्रीलोड ठरतो, आत चुरडणारी स्लीव्ह असेल तर एकदा जास्त चुरडली की परत येत नाही. जास्त प्रीलोड म्हणजे बेअरिंग कायम आवळलेलं, नवीन सील काही हजार किलोमीटरला परत गळतं आणि ७० च्या स्पीडला घूंऽऽ असा आवाज सुरू होतो. बरोबर पद्धत म्हणजे उघडायच्या आधी पिनियन फिरवायला किती टॉर्क लागतो तो काट्याच्या टॉर्क रेंचने बघायचा आणि बसवताना मॅन्युअलच्या मापात आणायचा. एवढं करणारा मेकॅनिक भेटला तर त्याला धरून ठेवा.

आता तुमच्या यादीकडे येतो. अ‍ॅल्युमिनियमचा शाफ्ट: १० किलोचा लोखंडी शाफ्ट, नळीची त्रिज्या ४ सेंमी, फायनल रेशो समजा ४.३, तर त्याच्या फिरण्याचा भार गाडीला जास्तीच्या २ किलोएवढा जाणवतो. दोन किलो! हलक्या शाफ्टचा उपयोग लांब गाडीत, जास्त आरपीएमला शाफ्ट धनुष्यासारखा वाकायला लागतो तिथे. तुमच्या लहान शाफ्टला त्याचा काय उपयोग? उलट दगडावर आपटला तर लोखंडी शाफ्टला पोचा पडेल आणि घरापर्यंत तरी याल. याउलट मोठ्या टायर-रिमचं प्रत्येकी ८ किलो वजन वाढलं असेल तर फिरण्याचा भार धरून चार चाकांचं मिळून ५५ किलोच्या आसपास जास्तीचं वजन गाडीला जाणवतं, पिकअपला. आणि स्टॉक २३५/७० पेक्षा तुमच्या टायरचा व्यास जवळपास पावणेसहा टक्के जास्त, म्हणजे प्रत्येक गिअर तेवढा लांब झाला आणि चाकाकडून रस्त्यावर येणारा जोर तेवढा घटला. पॉवर तीच, पण तुम्हाला 'गाडी मेली' असं वाटतंय ते बरंचसं हेच आहे. मीटरही तेवढाच कमी दाखवतो, म्हणून अ‍ॅव्हरेज काढताना किलोमीटर दुरुस्त करून घ्या, निम्म्या लोकांचं 'टायर बदलल्यावर अ‍ॅव्हरेज पडलं' यातलं थोडं तिथेच भरून निघतं.

हलकं फ्लायव्हील: स्थिर स्पीडला शून्य फायदा, आणि डिझेलच्या ठोक्यांना जड फ्लायव्हीलच सांभाळतं, ते हलकं केलंत तर दगडांवर क्रॉल करताना गाडी बंद पडेल. सोडून द्या.

टायरचा मात्र मनापासून विचार करा. वर्षातले बारा-पंधरा दिवस चिखल आणि बाकी सगळं डांबर असेल तर ऑल टेरेन घ्या, स्टॉकच्या जवळच्या मापात. नाहीतर निदान हवा तरी नीट ठेवा, ट्रेलवर १८ ला उतरवलेली हवा तशीच ठेवून एक्स्प्रेसवेने घरी येणारे मी बघतो, तेव्हा टायर किती तापला असेल याचाच विचार येतो.

राहिलं ट्रान्सफर केस. २एच मध्ये (म्हणजे फक्त मागच्या चाकांना ताकद) बहुतेक चेनवाल्या केसमध्ये मागचा लोड सरळ जातो, चेनवर लोड येत नाही, पण पुढचे हब (चाक एक्सलला जोडणारे-सोडणारे) सुटले नसतील तर पुढची चाकं उलट्या बाजूने पुढचा डिफरेन्शियल, पुढचा शाफ्ट आणि चेन सगळं फुकट फिरवत बसतात. चार चाकं स्टँडवर घ्या, २एच मध्ये पुढचं चाक हाताने फिरवा आणि खाली वाकून त्या चाकाचा एक्सल शाफ्ट फिरतोय का बघा. फिरत असेल तर हब उघडून साफ करा, जुनं ग्रीस चिखलाबरोबर दगड झालेलं असतं.

हे सगळं झालं की परत त्याच डायनोला, त्याच गिअरमध्ये, हवा ३५ करून, पट्टा तेवढाच आवळून रन घ्या आणि रन संपल्यावर क्लच दाबून रोलर थांबेपर्यंतचा ड्रॅगचा ग्राफ मागून घ्या. बहुतेक मशीन तो काढतात, ऑपरेटर प्रिंट देत नाही एवढंच. त्यात टायर, ब्रेक, हाउसिंग सगळ्यांचा मिळून फिरण्याचा खर्च येतो, लोडचा हिस्सा येत नाही, म्हणून त्यात चाकाचा आकडा मिळवून '१०५ का भरले नाहीत' असं विचारू नका, अजून पाच-सहा बीएचपी लोडचे धरावे लागतील. ग्राफ आणि कोस्टिंगचे सेकंद दोन्ही इथे टाका, मग क्राऊन उघडायचा का नाही ते बघू.